साताऱ्या-सांगलीत केप हेदर: रोप निवडण्यापासून कलमं करण्यापर्यंत

दक्षिण आफ्रिकेच्या टोकाला, केपच्या डोंगरउतारांवर, एरिका नावाची झुडपं वाढतात, तीच केप हेदर. सुईसारखी बारीक, बारमाही हिरवी पानं आणि हंगामात फांदीभर लगडलेली नळीच्या किंवा घंटेच्या आकाराची फुलं. जगात एरिकाच्या ८००हून अधिक जाती आहेत आणि त्यातल्या बहुतेक एकट्या दक्षिण आफ्रिकेतल्या. १७७२ मध्ये लंडनच्या क्यू उद्यानानं फ्रान्सिस मॅसनला केपला पाठवलं. त्यानंतर ही झाडं युरोपच्या काचघरांत पोचली आणि १९व्या शतकाच्या सुरुवातीला तिथं त्यांचं वेड लागलं होतं. पुढे दमट, तापवलेली काचघरं आली, ऑर्किडची चाल आली आणि केप हेदर मागे पडलं. कोंदट उबेत त्याचा जीव गुदमरतो.

हे लक्षात ठेवूनच सुरुवात करायची. युरोपातल्या पुस्तकांत या झाडाला ‘नाजूक’ म्हणतात ते बर्फाच्या भीतीनं. आपल्याकडे बर्फ नाही, आणि साताऱ्याची डिसेंबरातली थंडी त्याला अगदी मानवते. इथं त्याला मारणाऱ्या गोष्टी तीन: जून ते सप्टेंबरचा उबदार पाऊस, एप्रिल-मेमध्ये तापलेली कुंडी आणि बोअरचं चुनखडीचं पाणी. पश्चिम केपमध्ये पाऊस थंडीत पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. तिथल्या मुळांना थंड ओल ठाऊक आहे, गरम ओल नाही. आपल्या पावसाळ्यात मुळाशी ऊब आणि पाणी एकदम येतं आणि मूळकूज सुरू होते. म्हणून आपलं हरितगृह म्हणजे ऊब धरणारी खोली नव्हे. वर पाऊस अडवणारं छप्पर आणि चारी बाजू मोकळ्या, एवढंच.

आधी रोप ओळखा

नर्सरीत ‘हेदर’ म्हणून जे गुडघ्याएवढं, जांभळ्या फुलांचं झुडूप सर्रास मिळतं ते बहुतेक वेळा मेक्सिकन हेदर, म्हणजे क्युफिया असतं. झाड चांगलं आहे, आपल्या हवेत बिनतक्रार फुलतं, पण त्याचा एरिकाशी काही संबंध नाही. ते मेंदी आणि तामणाच्या कुळातलं. ओळखायचं कसं? क्युफियाची पानं चपटी आणि फांदीवर समोरासमोर जोडीनं असतात, फुलाला सहा सुट्या पाकळ्या असतात. एरिकाची पानं सुईसारखी, कडा खाली वळलेल्या, एकेका पेरावर तीन-चारच्या वर्तुळात. फूल म्हणजे जोडलेल्या पाकळ्यांची नळी किंवा घंटा, तोंडाशी चार दात. क्युफियाला जे खत-पाणी चालतं ते एरिकाला चालत नाही, त्यामुळे ही ओळख पैसे देण्याआधीच करून घ्यावी.

खरी एरिका आपल्याकडच्या नर्सऱ्यांत सहज मिळत नाही. बी परदेशातून मागवायचं असेल तर २००३च्या वनस्पती संगरोध आदेशाप्रमाणे आयात परवाना आणि पाठवणाऱ्या देशाचा वनस्पती-आरोग्य दाखला लागतो. सहलीहून येताना बॅगेत बी किंवा फांदी घालून आणू नये. नव्या रोगाला वाट मिळते ती अशीच, आणि आपल्या जिल्ह्यांत द्राक्षं, स्ट्रॉबेरी, हळद यांवर पोट असलेली कितीतरी घरं आहेत.

कुठली जात घ्यावी

इथं घाई करू नये. वर्षभर पुढे जी मेहनत घ्यायची त्यातली निम्मी जातीच्या निवडीत वाचते. फुलांचे फोटो पाहून निवडण्यापेक्षा ती जात मूळची कुठल्या पावसाची, हे आधी पाहावं.

माझी पहिली पसंती एरिका काफ्राला. ही केपपासून क्वाझुलू-नाताळपर्यंत ओढ्याकाठी आणि ओलसर कड्यांवर वाढते, म्हणजे उन्हाळी पावसाचा मुलूखही तिला ठाऊक आहे. फुलं दुधी-पांढरी, सुवासिक. रानात ती पुरुषभर उंचीच्याही वर जाते, कुंडीत छाटून आवरता येते. दुसरी एरिका सेरिंथॉइडिस: नारिंगी-लाल, केसाळ नळ्यांचा गुच्छ. पश्चिम केपपासून पार लिम्पोपोपर्यंत पसरलेली, आणि वणव्यात वरची फांदी जळाली तरी जमिनीतल्या गाठीतून पुन्हा फुटणारी. हा गुण छाटणीच्या वेळी फार उपयोगी पडतो. तिसरी एरिका कॅनालिक्युलाटा. ती दक्षिण किनाऱ्यावरच्या नायस्ना-जॉर्जच्या पट्ट्यातली, जिथं पाऊस वर्षभर थोडाथोडा पडतो. फिकट गुलाबी फुलांतून गडद परागकोश डोकावतात. चौथी एरिका वर्टिसिलाटा, केपटाऊनच्या सखल, वाळूच्या मैदानांतली. डोंगरावरच्या जातींपेक्षा तिला उष्णता बरी सोसते. तिची हकीगत शेवटी सांगतो.

स्कॉटलंडच्या माळांवरचं जांभळं हेदर म्हणजे कॅलुना, आणि युरोपातली हिवाळी एरिका कार्निया, या दोघींचा मोह टाळावा. त्यांना खरी कडक थंडी लागते, ती महाबळेश्वरलाही पुरेशी पडत नाही.

आता आपलं गाव. पाचगणी-महाबळेश्वरला उन्हाळा सोपा, पण पाऊस जोरदार, महाबळेश्वरला तर ५,००० मिमीच्याही वर, त्यामुळे तिथं छप्पर पक्कं हवं. वेण्णा तलाव आणि लिंगमळ्याच्या खोलगट भागात काही थंड पहाटे दव गोठतं. त्या दिवसांत रात्री कुंड्यांवर पातळ कापड टाकावं. सातारा, वाई, कराडकडे चारही जाती करून पाहण्यासारख्या. सांगली-मिरजेत मे महिना खरा कठीण. तिथं काफ्रा आणि सेरिंथॉइडिसपासून सुरुवात करावी, तीही पूर्वेकडची सकाळची उन्हं मिळतील अशा जागी. माण, खटाव, जत, आटपाडीकडे हवा कोरडी असल्यानं बुरशीचा त्रास कमी. तिथं अडचण आहे ती पाण्याची, आणि तिला उपाय आहे.

पाणी

हेदर वाढवणाऱ्यानं पहिला खर्च कुंडीवर नाही, पाण्याच्या टाकीवर करावा. तुमच्या नळाला, गीझरला किंवा बादलीच्या कडेला पांढरी खपली धरत असेल तर ते पाणी या झाडाला विषच. त्यातला चुना हळूहळू मातीत साठतो, सामू (पीएच) चढतो, मुळांना लोह मिळेनासं होतं आणि नवी पालवी पिवळी पडते. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसला की कारण बहुधा हेच.

पावसाचं पाणी साठवणं हा सगळ्यांत चांगला मार्ग. हिशेब सोपा आहे: १ चौरस मीटर छपरावर १ मिमी पाऊस पडला की १ लिटर पाणी. हेदरसाठी जे १० चौरस मीटरचं छप्पर घालाल त्यावर वर्षाला ८०० मिमी पाऊस धरला तर ८,००० लिटर पाणी पडतं. सांडलवंड सोडून ६,००० तरी हाती येतं. २० कुंड्यांना रोज अर्धा लिटर धरलं तर ऑक्टोबर ते मे या आठ महिन्यांना साधारण २,४०० लिटर लागतं. म्हणजे छप्परच झाडांची तहान भागवतं. दुष्काळी तालुक्यांत पाऊस याच्या निम्मा धरला तरी हिशेब बसतो. टाकी काळी किंवा झाकलेली असावी, नाहीतर शेवाळ धरतं. पहिल्या एक-दोन पावसांचं धूळभरलं पाणी सोडून द्यावं.

पाणी पत्र्याचं किंवा प्लॅस्टिक छपराचं असावं. नव्या सिमेंटच्या स्लॅबवरून वाहिलेल्या पाण्यात आणि नव्या सिमेंटच्या हौदात चुना उतरतो. सिमेंटच्या कुंड्याही याच कारणासाठी नकोत.

साठा संपलाच तर बोअरच्या पाण्यात चिमूट-चिमूट सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानातलं लिंबूसत्व, विरघळवून सामू ५.५ ते ६ वर आणावा. दर वेळी सामूपट्टीनं मोजून, अंदाजानं नाही. सांगलीत नदीचं नळाचं पाणी बोअरपेक्षा बरं असतं, पण तेही एकदा मोजून पाहावं.

माती, म्हणजे मातीशिवायचं मिश्रण

कृष्णाकाठच्या काळ्या मातीत हेदर लावायचंच नाही. ती पाणी धरून बसते, तिच्यात चुनखडी असते आणि मिरज-वाळव्याकडच्या काही शिवारांत ती चोपण, खारवटही झालेली आहे. खड्डा खणून त्यात दुसरं मिश्रण भरलं तरी पावसात आजूबाजूचं पाणी तिथंच जमा होतं. लावायचं असेल तर कुंडीत, नाहीतर जमिनीवर फूट-दीड फूट उंच केलेल्या वाफ्यात.

मिश्रण असं करावं: दोन भाग धुतलेलं कोकोपीट, एक भाग जांभ्याचा रवाळ चुरा, एक भाग परलाइट (हलके, पांढरे खनिज दाणे). जांभा आम्लधर्मी आणि निचऱ्याचा. कोकणातून घरबांधणीसाठी चिरे येतात, ते विकणाऱ्यांकडे कापताना पडलेला चुरा मागितला तर मिळतो. चाळून बारीक धूळ टाकून द्यावी, खडे वापरावेत. कोकोपीटमध्ये मीठ असतं, म्हणून ते पावसाच्या पाण्यात रात्रभर भिजवून पिळून काढायचं, असं तीन वेळा. परलाइटऐवजी वाळू घ्यायची झाली तर तिच्यावर आधी जेवणातलं व्हिनेगर टाकून बघा. फसफसली तर तिच्यात चुनखडी आहे, ती नको. हीच परीक्षा मुरमालाही लावावी.

तयार मिश्रणाचा सामू ४.५ ते ५.५ असावा. ते मुठीत दाबलं तर गोळा व्हावा आणि बोटानं टोचताच सुटावा. शेतकऱ्याला एका शब्दात सांगायचं तर या झाडाला बारा महिने वाफसा हवा. ओल आणि हवा दोन्ही, एकीपायी दुसरी जाता कामा नये.

हेदरच्या केसासारख्या मुळांत एक बुरशी राहते आणि नापीक जमिनीतून झाडाला अन्न मिळवून देते. म्हणून कुंडी बदलताना जुन्या निरोगी कुंडीतली मूठभर माती नव्या मिश्रणात घालावी. आणि म्हणूनच खत जवळजवळ बंद. शेणखत, बोनमील, राख, डीएपी, सुपर फॉस्फेट यातलं काही नको. साखर कारखान्याची मळी (प्रेसमड) आपल्याकडे सहज मिळते, पण रस निवळवताना चुना वापरलेला असतो, शिवाय मळीत स्फुरदही भरपूर. उसाला ती सोनं, हेदरला घातक. नोव्हेंबर ते फेब्रुवारी महिन्यातून एकदा १ लिटर पाण्यात अर्धा ग्रॅम अमोनियम सल्फेट दिलं की पुरे.

लागवड

वेळ ऑक्टोबरची उष्णता उतरल्यावर, दिवाळीच्या आसपास. असं केलं तर उन्हाळा लागण्याआधी मुळांना तीन-चार थंड महिने मिळतात. कुंडी मातीची घ्यावी आणि एकेक पायरीनं मोठी करावी: ४ इंची, मग ६, मग ८. छोट्या रोपाला एकदम मोठी कुंडी दिली तर न वापरलेली ओल मुळाभोवती आंबते. मुळांचा गड्डा मोकळा करायचा नाही, तसाच ठेवायचा, आणि पूर्वी जेवढा खोल होता तेवढाच लावायचा. खोड पुरलं गेलं तर तिथूनच कुजतं. वर जांभ्याच्या खड्यांचा बोटभर थर द्यावा.

छप्पर कसं घालावं

द्राक्षबागायतदार किंवा स्ट्रॉबेरी करणारे ज्याला पॉलिहाऊस म्हणतात तसं बंदिस्त काही नको. चार लोखंडी पाइप, वर उतार दिलेला २०० मायक्रॉनचा, उन्हानं न फाटणारा पॉलिथिन कागद आणि खालच्या कडेला पन्हळ. उंची आठ फूट तरी हवी, म्हणजे छपराखाली गरम हवा साचत नाही. महाबळेश्वर, जावळी, पाटणकडे पाऊस आडवा येतो. तिथं नैर्ऋत्येच्या बाजूला शेडनेटचा पडदा लावावा, पण प्लॅस्टिकचा नको. वारा आत आलाच पाहिजे. कुंड्या विटांवर किंवा जाळीच्या मांडवावर, एकमेकींना पानं लागणार नाहीत इतक्या अंतरावर.

फेब्रुवारीच्या मध्यापासून पहिला पाऊस येईपर्यंत छपराच्या खाली ५० टक्क्यांची शेडनेट ओढावी, पावसाळ्यात काढून टाकावी. ढगाळ दिवसांत उजेड आधीच कमी असतो. जाळी तशीच राहिली तर फांद्या लांबट, पिचपिचीत होतात आणि बुरशीला आयत्या सापडतात. थंडीत मात्र पूर्ण ऊन हवं, फुलं त्यावरच येतात.

मोकळ्या जमिनीबद्दल एक कळकळीची गोष्ट. कास पठार २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं. तिथले सडे म्हणजे आम्लधर्मी जांभा आणि नापीक पातळ माती, नेमकी हेदरला आवडणारी जमीन. एरिकाचं बी धुळीइतकं बारीक असतं, वाऱ्यानं दूर जातं. न्यूझीलंडच्या टोंगारिरो राष्ट्रीय उद्यानात १९१२च्या सुमारास शिकारीच्या पक्ष्यांसाठी मुद्दाम लावलेलं कॅलुना हजारो हेक्टरांवर पसरलं आणि ते आजतागायत आवरत नाही. कास, पाचगणी, चाळकेवाडी, महाबळेश्वरच्या सड्यांच्या आसपास राहत असाल तर हेदर कुंडीतच ठेवा आणि फुलं सुकताच, बी धरण्याआधी, कात्रीनं काढून जाळून टाका. मिश्रणासाठी सड्यावरची माती किंवा जांभा उचलून आणू नका. सीतेची आसवं, दवबिंदू यांसारख्या चिमुकल्या वनस्पती त्याच थरात जगतात.

वर्षभराची देखभाल

थंडीत दोन-तीन दिवसांआड, उन्हाळ्यात रोज सकाळी पाणी. कुंडी उचलून वजनावरून ओल ओळखायची सवय लावून घ्यावी, कारण हेदर तहान दाखवत नाही. जास्वंदीसारखं ते माना टाकत नाही. शेंडे किंचित वाकतात, पानांवर राखाडी छटा येते, आणि ती स्पष्ट दिसेपर्यंत मुळं बहुधा गेलेली असतात. संध्याकाळी पानांवर पाणी मारू नये.

उन्हाळ्यात जपायची ती मुळं. पश्चिमेच्या उन्हात तापलेल्या काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीत ती भाजून निघतात. मातीची कुंडी दुसऱ्या मोठ्या मातीच्या कुंडीत ठेवावी आणि मधल्या फटीत वाळू भरून ती ओली ठेवावी. रांजणाचं पाणी जसं गार राहतं तशीच आतली माती गार राहते. मार्चनंतर कुंडी बदलणं, छाटणी, खत, काहीही करू नये. मे महिन्यात झाड जिवंत राहिलं की पुष्कळ झालं, वाढीची अपेक्षाच करू नये.

पावसाळ्यात आठवड्यातून एकदा प्रत्येक झाड फांद्या बाजूला करून आतून पाहा. पिवळी पानं, गळलेली फुलं वेचून घ्यायची. राखाडी बुरशी दिसली तर ती फांदी निरोगी भागापर्यंत कापावी आणि कुंडी वाऱ्याच्या जागी न्यावी. भुरी दिसली तर द्राक्षबागेत वापरतात तेच पाण्यात मिसळणारं गंधक हलक्या प्रमाणात चालतं, फक्त कडक उन्हात मारू नये. तासगावकडे घराघरांत असणारं बोर्डो मिश्रण मात्र हेदरच्या मुळाशी कधी ओतू नका, मोरचुदाबरोबर त्यात चुना असतो. मूळकूज लागलेलं झाड सहसा वाचत नाही. त्याची माती दुसऱ्या कुंडीत वापरू नये.

छाटणी फुलं संपली की लगेच. वाळलेल्या फुलांच्या जरा खाली, जिथं हिरवी पानं आहेत तिथं कापायचं. बिनपानांच्या जुन्या लाकडात कापलं तर बहुतेक जाती फुटत नाहीत. अपवाद सेरिंथॉइडिसचा, तिला जमिनीपासून चार बोटांवर छाटलं तरी गाठीतून नवे फुटवे येतात. छाटणी चुकवली तर दोन-तीन वर्षांत झाड खालून उघडंबोडकं होतं.

बी आणि कलमं

बी पेरायची वेळ नोव्हेंबर. दिवस उबदार, रात्र गार, हा फरक बियांना उगवायला लावतो. आणखी एक खूण त्यांना लागते ती धुराची. केपच्या रानात वणव्यानंतर बी उगवतं, आणि त्यामागे उष्णतेइतकाच धूरही असतो हे तिथल्या संशोधकांनी १९९० मध्ये दाखवलं. घरी करायचं तर पसरट भांड्यात बारीक मिश्रण भरून त्यावर बी नुसतं भुरभुरावं, मातीनं झाकू नये. मग ते झाकणाच्या डब्यात ठेवून सुक्या-ओल्या पाल्याचा थंड झालेला धूर नळीनं तासभर आत सोडावा. नंतरचे दोन दिवस पाणी हलकंच द्यावं, पुढे भांडं पाण्यात बुडवून खालून. महिना-दोन महिन्यांत कोंब दिसतात. रोपं बोटाच्या पेराएवढी झाली की वेगळी करावी. फूल दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी.

कलम जास्त भरवशाचं. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, फुलं नसलेल्या, टोकाला मऊ पण बुडाशी जरा घट्ट झालेल्या फांद्या निवडाव्यात. ३ ते ४ सेंटिमीटरचा तुकडा खाली ओढून, जुन्या सालीच्या शेपटीसकट काढावा. खालच्या तिसऱ्या भागाची पानं हलक्या हातानं खुडावीत, बूड मूळ फुटायच्या पावडरीत टेकवून निम्मं कोकोपीट, निम्मी चुनखडी नसलेली वाळू यात खोचावं. वर पारदर्शक डबा उपडा घालावा, रोज सकाळी काही वेळ उचलून हवा द्यावी. सहा ते दहा आठवड्यांत मुळं येतात. हळूच ओढून अडखळलं तर समजावं. तेव्हाच शेंडा खुडला की झाड भरगच्च होतं.

कलमं दरवर्षी करावीत, कारण कुंडीतलं केप हेदर दीर्घायुषी नसतं. आणि सगळी रोपं एकाच गच्चीवर ठेवू नयेत. वर्टिसिलाटाची हकीगत सांगायची राहिली ती हीच. केपटाऊनच्या वस्तीखाली तिचं रान गेलं, २०व्या शतकाच्या सुरुवातीला ती निसर्गातून नाहीशी झाली. मग १९८४ मध्ये प्रिटोरियातल्या एका बागेत तिचं झाड सापडलं, व्हिएन्नाच्या जुन्या संग्रहातही ती टिकून असल्याचं कळलं. अशा बागांतल्या कलमांवरूनच ती पुन्हा केपटाऊनजवळच्या रोंडेव्लेई राखीव क्षेत्रात लावली गेली. तेव्हा मिरजेत राहत असाल तर दोन रोपं पाचगणीतल्या ओळखीच्या घरी द्या, आणि पाचगणीत असाल तर वाईला. पाठवताना रोप आदल्या दिवशी पाणी पाजून, कुंडीसकट, पानं मोकळी राहतील अशा भोकाच्या खोक्यात ठेवावं, एसटीच्या टपावर नाही तर सोबत पायाशी न्यावं. जातीचं नाव आणि कलम केल्याची तारीख लिहिलेली पट्टी कुंडीत खोचायला विसरू नये.